पिवळा झेंडा आणि हॉल्सवेल

जिल्हा शालेय मैदानी स्पर्धेत 800 मीटरच्या फायनलला मी शेवटच्या वळणावर अंपायर होतो. 800 मध्ये पहिलं वळण संपलं की लेन सुटते, सगळे आतल्या बाजूला येतात आणि मग कोपरं लागायला सुरुवात होते. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मागचा मुलगा बाहेरून काढायला आला, तसा पुढचा बाहेर सरकला. तो आणखी बाहेर गेला, तर हाही गेला. मी नियमभंगाची खूण म्हणून पिवळा झेंडा वर केला, जागेवर फक्कीची खूण केली, अहवाल लिहून दिला. अंपायरचं काम तिथं संपतं. ओरडायचं नाही, शर्यत थांबवायची नाही, निर्णय रेफ्रीचा, म्हणजे मुख्य पंचाचा. आमच्याकडच्या अर्ध्या पंचांना हे अजून उमगलेलं नाही.

रेफ्रींनी पहिल्याला बाद केलं, अडवलेल्या मुलाला सुवर्ण दिलं. प्रेक्षकांतून आवाज आला, "फुकटचं गोल्ड!" तो मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, आम्हाला दोघांना परत पळवा ना." नियमात फेरशर्यत आहे, पण बाद झालेल्याला तिच्यात घेत नाहीत.

ब्रिटनचा धावपटू विंडहॅम हॉल्सवेल, त्याला फेरशर्यत मिळाली होती. लंडन ऑलिंपिक, 23 जुलै 1908, 400 मीटरची फायनल, लेन नाहीत. अमेरिकेचा कार्पेंटर असाच सरकत गेला आणि हॉल्सवेल ट्रॅकच्या कडेला लागला. पंच "फाउल" म्हणून ओरडले, फिनिशची फीत आधीच तोडली गेली. कार्पेंटर बाद. दोन दिवसांनी दोऱ्या ताणून लेन केल्या, पण उरलेले दोघे अमेरिकन, रॉबिन्स आणि टेलर, उतरलेच नाहीत. हॉल्सवेल एकटा धावला. ऑलिंपिक ॲथलेटिक्समधलं वॉकओव्हरचं हे एकमेव सुवर्ण, आणि त्याची ओळख तेवढीच उरली.

हा अन्याय मला सलतो. त्याच स्पर्धेत उपांत्य फेरीत त्याने 48.4 सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला होता. 1906 मध्ये अथेन्सच्या मधल्या (इंटरकॅलेटेड) ऑलिंपिक खेळांत 400 मध्ये रौप्य, 800 मध्ये कांस्य. त्याच वर्षी स्कॉटिश अजिंक्यपद स्पर्धेत 100, 220, 440 आणि 880 यार्ड, चारही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या. मैदानावरचा माणूसच जाणे, 100 आणि 880 एकाच पायांत असणं म्हणजे काय!

हायलँड लाइट इन्फंट्रीचा हा अधिकारी बोअर युद्धात जाऊन आलेला. 1908 नंतर त्याने धावणं सोडलं. महायुद्धात त्याची पहिली बटालियन लाहोर डिव्हिजनच्या सरहिंद ब्रिगेडमध्ये, म्हणजे आपल्याच हिंदी सैन्यासोबत, फ्रान्समध्ये लढत होती. 31 मार्च 1915 रोजी न्यव्ह शापेलजवळ जखमी सहकाऱ्याला आणायला तो पुढे गेला आणि दबा धरून बसलेल्या नेमबाजाच्या गोळीने पडला. वय 32. त्याच न्यव्ह शापेलला आज बेपत्ता हिंदी सैनिकांचं स्मारक आहे.

आमच्या त्या सुवर्ण मिळालेल्या मुलाची हीटमधली, म्हणजे प्राथमिक फेरीतली वेळ सगळ्यांत चांगली होती. ती कागदावर आहे, पण बक्षीस देताना कुणी वाचून दाखवली नाही. मी ती त्याच्या सरांना कळवली आहे, शाळेच्या फलकावर पदकाशेजारी लिहा म्हणून.