विहीणबाईंच्या वडिलांचा कॅमेरा आणि पोर्ट ऑफ स्पेन

गेल्या हिवाळ्यात विहीणबाई आपले टोरांटोतले घर आवरून माझ्या मुलाकडे आणि सुनेकडे राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे होते. त्यांत त्यांच्या वडिलांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची वीसेक वर्षे वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात घेतलेल्या घरगुती चित्रफिती होत्या. आठ मिलिमीटरच्या फिल्मची एकेचाळीस रिळे, आणि बहुतेकांवर काही लिहिलेलेही नव्हते. एक डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की असा वास येतो आणि एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की ती थांबवता येत नाही, थंड व कोरड्या जागी ठेवून फक्त लांबवता येते. हे कळल्यावर मी आणि सुनेने ठरवले की आता उशीर करायचा नाही.

एकेक चित्र स्वतंत्रपणे टिपणाऱ्या यंत्रावर सगळी रिळे उतरवून घेतली. पहिल्या खेपेस सगळी माणसे धावपळ करताना दिसत होती, कारण या फिती सेकंदाला सोळा चित्रांच्या वेगाने घेतलेल्या होत्या आणि आम्ही त्या चोवीसच्या वेगाने पाहत होतो. वेग सुधारला आणि माणसे माणसांसारखी चालू लागली. विहीणबाई तेव्हा पहिल्यांदा म्हणाल्या, "हो, माझी आई अशीच चालायची."

एक रीळ साधारण चार मिनिटे चालते. फिल्म महाग आणि ती धुण्यासाठी परदेशी पाठवावी लागे, त्यामुळे त्यांच्या वडिलांनी प्रत्येक दृश्य सहा-सात सेकंदांत आटोपले आहे. बंदराच्या कचेरीत हिशेबनीस असलेल्या माणसाला याहून अधिक परवडण्यासारखे नव्हते. कॅमेरा नेहमी घरच्या माणसांवर आहे: वाढदिवस, बारसे, नवी सायकल, मराकासच्या किनाऱ्यावरची सहल. शहर त्यांच्या पाठीमागे आहे. ते दाखवावे असा कुणाचाही हेतू नव्हता आणि म्हणूनच ते इतके खरे उतरले आहे, असे मला वाटते. वसाहतीच्या काळातल्या बातमीपटांत राजघराण्यातल्या पाहुण्यांचे दौरे दिसतात, पर्यटनाच्या पटांत नारळाची झाडे आणि जहाजातून उतरणारे गोरे पाहुणे दिसतात. पण सेंट जेम्समधल्या एखाद्या घराच्या ओसरीवर दुपारी तीन वाजता ऊन कसे पडत असे, हे त्या दोहोंनाही टिपावेसे वाटले नव्हते.

सेंट जेम्स हा शहराच्या पश्चिमेचा भाग. पूर्वी तिथे उसाचा मळा होता आणि करारावर आणलेले हिंदुस्थानी मजूर तिथे वस्ती करून राहिले. त्रिनिदादमध्ये अशा मजुरांचे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी आले आणि १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या बेटावर उतरली. त्यांतली बहुतेक आजच्या बिहार व उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याहून जहाजात बसलेली होती आणि काही मद्रासेहून आली. विहीणबाईंचे पूर्वज कलकत्त्याच्या वाटेने गेलेले. सेंट जेम्समधल्या रस्त्यांची नावे मात्र अवघ्या हिंदुस्थानावरून पडली आहेत: कलकत्ता, मद्रास, दिल्ली, लखनौ, पाटणा आणि बॉम्बे स्ट्रीटसुद्धा. मी गिरगावात वाढलेली. अटलांटिकच्या पलीकडल्या त्या रस्त्यावरून दोन वेण्या घातलेली एक मुलगी पाव घेऊन येताना दिसली, तेव्हा मी ते दृश्य चार वेळा मागे नेऊन पाहिले. ती मुलगी म्हणजे विहीणबाई.

काळ ठरवणे हे सर्वांत कष्टाचे काम होते. कोडॅक कंपनी फिल्मच्या कडेवर चौकोन, वर्तुळ, त्रिकोण अशा खुणा छापत असे आणि त्यांवरून फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते समजते. पण त्या खुणा वीस वर्षांनी पुन्हा त्याच येतात आणि फिल्म विकत घेतल्यावर कपाटात किती दिवस पडून राहिली हेही त्या सांगत नाहीत. म्हणून मग शहरालाच साक्षीला बोलवावे लागले. एका रिळात आत्या दुकानातून बाहेर येते आणि तिच्यामागून तारांना दांडे टेकवलेली ट्रॉलीबस जाते. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या ट्रॉलीबस १९५६ मध्ये बंद झाल्या, तेव्हा ते रीळ त्याआधीचे. दुसऱ्यात साउथ कीवरच्या स्टेशनात मामा गाडीतून उतरतात. प्रवाशांची शेवटची गाडी २८ डिसेंबर १९६८ रोजी सुटली आणि त्या बेटावरची रेल्वे संपली. स्टेशनाची इमारत आजही उभी आहे, पण आता तिथून बसगाड्या सुटतात. विहीणबाईंना त्या स्टेशनाचा आवाज आठवतो. फिती तर मुक्या आहेत. म्हणून आम्ही प्रत्येक रीळ त्यांच्यासमोर लावून त्या बोलतील ते वेगळे ध्वनिमुद्रित करू लागलो. मला आता वाटते की फिल्म उतरवून घेण्यापेक्षाही हे काम अधिक निकडीचे होते, कारण त्या चेहऱ्यांना आणि कोपऱ्यांना नाव देऊ शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

या चित्रफितींमधल्या शहरात रात्र कधी होत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. त्या काळची कोडाक्रोम फिल्म इतकी मंद होती की तिला भरपूर ऊन लागे. त्यामुळे ३०-३१ ऑगस्ट १९६२ च्या मध्यरात्री, स्वातंत्र्याच्या क्षणी, रेड हाउस या संसदेच्या इमारतीसमोर ब्रिटिशांचा झेंडा उतरून लाल, पांढरा व काळा झेंडा चढला, तो क्षण या डब्यांत नाही, विहीणबाईंचे वडील त्या गर्दीत उभे असूनही नाही. आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. फाटकाशी तीन भावंडे हातात कागदी झेंडे घेऊन उभी आहेत आणि धाकट्याने आपला झेंडा उलटा धरला आहे. कार्निव्हलमधले जूव्हे, म्हणजे पहाटेपूर्वी रस्त्यावर सुरू होणारा जल्लोष, तेही याच कारणाने राहून गेले. मंगळवारच्या भर उन्हातली मिरवणूक मात्र चार रिळांत आहे: खलाशांच्या वेशात पावडर उधळत नाचणारी माणसे, आणि तेलाच्या पिंपांपासून घडवलेली पॅन ढकलगाडीच्या चौकटीत बसवून ती वाजवत, ढकलत नेणारी पथके. आवाज नसलेला स्टीलबँड पाहणे मला अवघड गेले. विहीणबाईंनी मात्र वादकांच्या हातांकडे टक लावून पाहिले आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला.

होसे म्हणजे तिथला मोहरम. बांबू, कागद आणि चमकीचे उंच ताजिये सेंट जेम्सच्या वेस्टर्न मेन रोडवरून ताशांच्या गजरात निघतात आणि शेवटी समुद्राकडे नेले जातात. ताबुतांच्या मिरवणुकीत आपल्याकडच्या अनेक गावांत हिंदू माणसे पिढ्यान्‌पिढ्या सामील होत आली आहेत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते दृश्य परके वाटणार नाही. विहीणबाईंचे घर हिंदू, तरी त्यांचे काका दर वर्षी ताशा वाजवीत. रिळात ते आगटीवर ताशाचे चामडे शेकताना दिसतात, आणि त्यांच्या शेजारी आफ्रिकी वंशाचा एक तरुण दुसरा ताशा धरून आपल्या पाळीची वाट पाहत उभा आहे.

क्रिकेटबद्दल लिहिल्यावाचून मला राहवणार नाही. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवले ते याच शहरातल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी ११२ धावा केल्या, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांनी ६५ व नाबाद ६७. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. आमच्या चाळीत ते सामने कसे साजरे झाले हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. विहीणबाईंच्या वडिलांनी त्यांतल्या एका दिवशी कॅमेरा नेला होता. त्या रिळात मैदान फक्त एकदा, क्षणभर येते, त्यामागे उत्तरेचे हिरवे डोंगर दिसतात आणि बाकी सगळा वेळ शिदोरी उघडून बसलेली मंडळी आहेत. पण सेंट जेम्सच्या घरांतून त्या दिवसांत दोन्ही संघांसाठी प्रार्थना झाल्या, असे विहीणबाई सांगतात.

एक गोष्ट या डब्यांत कुठेही नाही आणि ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. शहराच्या पूर्वेला ईस्ट ड्राय रिव्हर नावाचा बांधीव नाला आहे आणि त्यापलीकडे लाव्हेंटिलची टेकडी. स्टीलबँड जिथे वाढला ती ही गरिबांची वस्ती. एकेचाळीस रिळांत कॅमेरा तो नाला एकदाही ओलांडत नाही. त्या बाजूची माणसे दिसतात ती मिरवणुकीत, किंवा कुणाच्या तरी अंगणात कपडे वाळत घालताना, चौकटीच्या अगदी कडेला. अशी एक बाई सात रिळांत आहे. विहीणबाईंना तिचे नाव आठवत होते, तिच्या हातची कॅलालू ही पालेभाजी आठवत होती, आडनाव मात्र कुणी कधी विचारलेच नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज बसला. आम्ही तिचे नाव यादीत घरच्या माणसांच्या बरोबरीने लिहिले.

शेजारच्या वुडब्रुकमधली नक्षीदार लाकडी झालरींची, पत्र्याच्या छपरांची आणि झडपांच्या खिडक्यांची घरेही या फितींत रांगेने दिसतात. त्यांतल्या कितीतरी घरांत आता कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत, आणि काही जागी वाहनतळ झाले आहेत. मावशीच्या घराची झालर कशी होती, हे सांगणारा पुरावा आता या सहा सेकंदांपलीकडे नाही.

चाळीस रिळांची यादी पुरी झाली. एकेचाळिसाव्यात सव्हानाच्या प्रशस्त मैदानावर, फुललेल्या पिवळ्या पूईच्या झाडाखाली, एक मुलगा पतंगाची दोरी सोडवत बसला आहे. तो कोण, हे विहीणबाईंना सांगता येत नाही. त्यांची चुलतबहीण अजून सेंट जेम्समध्येच राहते. येत्या रविवारी तिला फोनवर ते दृश्य दाखवायचे ठरले आहे, आणि तोवर यादीतली ती ओळ मी कोरी ठेवली आहे.