गाठाळ बुंधा आणि तीन कुऱ्हाडी

त्या दिवशीच्या ढिगात सरळ रेषेचे, म्हणजे तंतू सरळ गेलेले ओंडके बरेच होते, पण तळाशी निलगिरीच्या बुंध्याचा एक तुकडा निघाला. व्यास जवळजवळ ५० सेंटिमीटर आणि एका अंगाला मनगटाहून जाड गाठ. हाताशी तीन कुऱ्हाडी होत्या. एक झाड तोडायची, पातळ पात्याची. दुसरी दोन किलोची, फुगीर गालांची. तिसरी ३.६ किलोची, मागे घणासारखा तुंबा असलेली.

पातळ पात्याची कुऱ्हाड फोडायच्या कामाची नाही. ती खोल शिरते आणि अडकून बसते. लाकूड फोडायचं म्हणजे तंतू कापायचे नसतात, एकमेकांपासून लोटायचे असतात, आणि ते काम धारेमागचे जाड गाल करतात. धार वस्तऱ्यासारखी नको, ती गाठीवर दुमडते. अगदी बोथट असेल तर मात्र कुऱ्हाड उसळून परत येते.

पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंतचे ओंडके दोन किलोच्या कुऱ्हाडीनं एक-दोन घावांत उघडले. ओंडका ठोकळ्याच्या पुढच्या, म्हणजे आपल्यापासून लांबच्या कडेवर ठेवायचा. घाव चुकला तर पातं ठोकळ्यात रुतावं, पायाकडे येऊ नये. घाव बसताना गुडघे वाकवायचे, म्हणजे पातं गोलाकार आत न वळता सरळ खाली येतं.

जड कुऱ्हाडीबद्दल माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. घावाची ताकद वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे ३.६ किलोचा घाव फक्त १५ टक्के मंदावला, तरी त्याची ताकद पूर्ण वेगाच्या २.७ किलोच्या घावापेक्षा कमी भरते. सकाळी ती कुऱ्हाड दणदणीत चालत होती, दुपारी तीच उसळायला लागली. दिवसभर फोडायचं असेल तर अडीच ते पावणेतीन किलो पुष्कळ झालं.

बुंध्याच्या मधोमध मारलेले पहिले घाव वायाच गेले. चहूबाजूंनी तंतूंची मूठ आवळलेली असते, तिथं फट पडायला जागाच नसते. मग कडेनं आठ-दहा सेंटिमीटरच्या ढलप्या काढत गोल फिरलो. वाळताना पडलेली चीर दिसली की घाव तिच्याच रेघेत. नेम नेहमी आपल्याकडच्या कडेवर धरायचा. पलीकडच्या कडेवर धरला आणि पातं जरा पुढं गेलं, तर दांडाच कडेवर आपटतो. एक घाव तसा गेलाच. नेढ्याच्या, म्हणजे पात्यातल्या दांडा बसतो त्या भोकाच्या, चार बोटं खाली दांड्याला उभी चीर पडली. तशी चीर पडलेला दांडा चिकटवून किंवा तार गुंडाळून वापरायचा नाही. दांडा निवडताना बाजूनं पाहावं. लाकडाची रेषा शेंड्यापासून मुठीपर्यंत सरळ गेलेली हवी. मध्येच तिरपी बाहेर पडली असेल तर तो तिथंच मोडणार. ढिला दांडा पाण्यात भिजवून घट्ट करण्याची सवयही वाईट. लाकूड फुगून नेढ्यात चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं.

गाठीपाशी शेवटी लोखंडी पाचर आणि घणच घ्यावा लागला. पाचर गाठीतून नव्हे, तिच्या बाजूच्या चिरेत लावली. आधी हलके टोले देऊन ती उभी राहिली, मग जोरात ठोकली. चीर बोटभर उघडताच पुढं दुसरी लावली, तेव्हा पहिली सुटली. पाचर म्हणून कुऱ्हाड रोवून तिच्या पाठीवर घण घालू नये. नेढ्याच्या भिंती पातळ असतात, त्या फाकतात आणि पातं हलायला लागतं. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून छत्रीसारखं पसरलं असेल तर कडा आधी कानशीनं किंवा ग्राइंडरनं काढायच्या. तिथूनच लोखंडाची कपची उडते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

बुंधा उकलला तरी दोन्ही फाका आतल्या आडव्या तंतूंनी एकमेकींना धरून होत्या. निलगिरीची रेषा एकात एक गुंतलेली असते. ते तंतू छाटायला सकाळी बाजूला ठेवलेली पातळ पात्याची कुऱ्हाड लागली. गाठीचा गाभा तसाच अख्खा ठेवला.