झोपाळा आधी फोनमध्ये टांगला, मग घरात

आमचे सागवानी झोपाळ्यांचे छोटे दुकान आहे आणि निम्मी विक्री आता संकेतस्थळावरून होते. फळीची लांबी-रुंदी आम्ही नीट लिहीत असू, तरीही एका गिऱ्हाइकाने पाच फुटी झोपाळा परत केला, कारण टांगल्यावर पहिल्याच झोक्याला फळी मागच्या कपाटावर आदळली. दोष सुताराचा नव्हता, गिऱ्हाइकाचाही नव्हता. कागदावरच्या मापावरून झोक्याला लागणारी जागा डोळ्यांपुढे उभी राहत नाही. म्हणून वेगळे ॲप न घेता, दुव्यावर बोट ठेवताच फोनच्या कॅमेऱ्यातून आपल्याच दिवाणखान्यात झोपाळा दिसावा, अशी सोय करायची ठरवली.

पानावर बसवण्याचे काम अवघड नव्हते. वस्तूचे त्रिमितीय मॉडेल पानावर दाखवणारा गूगलचा ‘मॉडेल-व्ह्यूअर’ हा मुक्त स्रोत घटक थोड्याच ओळींत बसतो. मॉडेलची फाइल अँड्रॉइडसाठी जीएलबी प्रकारची लागते आणि आयफोनसाठी यूएसडीझेड प्रकारची, कारण आयफोनवर हे दृश्य ॲपलच्या ‘क्विक लुक’ या फोनमधल्याच दर्शकात उघडते.

खरा वेळ गेला तो मॉडेलमध्ये. बाहेरून करून घेतलेले पहिले मॉडेल 58 एमबीचे निघाले, कारण पितळी कड्यांचा प्रत्येक दुवा शेकडो बारीक पृष्ठभागांनी घडवलेला होता. शिवाय माप सेंटीमीटरमध्ये धरले होते. जीएलबीत एक एकक म्हणजे एक मीटर, त्यामुळे दीड मीटरची फळी 150 मीटरची झाली आणि फोनच्या पडद्यावर नुसता सागवानी रंग पसरला. ब्लेंडर या त्रिमितीय आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसून मी कड्यांचे दुवे साधे केले, लाकडाच्या रेषांचे चित्र 4096 वरून 1024 पिक्सेलवर आणले, आकृतीचा भार ड्रेको या फाइल लहान करण्याच्या पद्धतीने दाबला, तेव्हा फाइल 3.5 एमबीवर आली.

नंतरची अडचण झोपाळ्याचीच होती. मॉडेलचा सर्वांत खालचा भाग जमिनीला टेकवला जातो. खुर्चीला ते योग्य, पण आमची फळी फरशीवर जाऊन बसली आणि कड्या तिच्यावर उभ्या राहिल्या. बऱ्याच खटपटीनंतर सुचले ते साधेच होते: फळीच्या खाली दीड फुटावर मॉडेलमध्येच एक पातळ सतरंजी अंथरली. सतरंजी जमिनीला टेकली आणि झोपाळा आपल्या उंचीवर अधांतरी राहिला. मग त्याला मागे-पुढे झोका दिला, म्हणजे कपाट आड येते का ते दिसावे. आपोआप बनणाऱ्या यूएसडीझेडमध्ये ही हालचाल उतरेना, म्हणून आयफोनची फाइल वेगळी तयार केली.

एका गोष्टीबाबत मी हटून बसलो. चिमटीने मॉडेल लहान-मोठे करण्याची मुभा बंद केली, त्यासाठी मॉडेल-व्ह्यूअरमधले ‘एआर-स्केल’ हे आकाराचे सेटिंग स्थिर ठेवले. मित्रांनी सांगितले की लोकांना खेळायला आवडते. पण जे माप पाहून कोणी पैसे भरणार आहे, ते बोटाने बदलता येत असेल तर ते माप कसले?

काही गोष्टी या दृश्याला कळत नाहीत. छताची उंची ते मोजत नाही, त्यामुळे नऊ फुटांवर आमच्या कड्या हवेतच संपतात. स्लॅबमध्ये हूक आहे की नाही, हेही त्यात दिसणार नाही. म्हणून मागणी पक्की करण्याआधी छताचा आणि हुकाचा फोटो आम्ही अजूनही मागवतो. ज्या अँड्रॉइड फोनवर कॅमेऱ्यातल्या जागेत वस्तू दाखवणारी गूगलची एआरकोअर ही प्रणाली चालत नाही, तिथे झोपाळा फक्त पडद्यावर फिरवून पाहता येतो. तशा गिऱ्हाइकांना जमिनीवर खडूने चौकट आखायला सांगतो.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका ताईंनी फोनच्या पडद्याचे छायाचित्र पाठवले. त्यात पाच फुटी झोपाळ्याचे डावे टोक बाल्कनीच्या दारात आले होते आणि दारात त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. खाली ताईंनी लिहिले होते, “आई म्हणतात, वाट अडते. साडेचार फुटी पाठवा.”