जमेची बाजू

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिण्यात माझी नोकरी चालली आहे, त्यामुळे मनाचा कारभारही मला कीर्दीसारखाच, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीसारखाच दिसतो: नावे (खर्चाची) बाजू आपोआप भरत जाते आणि जमा बाजू मात्र मुद्दाम बसून लिहावी लागते. दिवसभर सगळे शेतकरी नीट बोलले आणि एकच जण हमरीतुमरीवर आला, तर रात्री जेवताना तोच एकटा आठवतो. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेऊन नेमके हेच म्हटले, की वाईट अनुभवाचा ठसा तेवढ्याच चांगल्या अनुभवापेक्षा खोल उमटतो.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांच्या 2005 मधील प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या, हे लिहायला सांगितले होते. त्यांचे समाधान सहा महिन्यांनंतरही वाढलेले आढळले, आणि ज्यांनी आपणहून लिहिणे पुढे चालू ठेवले त्यांना त्याचा लाभ अधिक झाला. माझ्या मते यातली खरी किल्ली त्या 'का'मध्ये आहे. 'दिवस छान गेला' असे लिहून हाती काहीच लागत नाही. परवा सौदे लांबले, तेव्हा आमच्या हमालमामांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि खर्डा न बोलता माझ्या टेबलावर ठेवला. सकाळपासून मी जागचा उठलो नाही, हे पोती उचलता उचलता त्यांनी पाहिले होते. हे कारण लिहिल्यामुळेच दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. एरवी आमचे बोलणे पोत्यांच्या संख्येपुरतेच असते.

सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुविचारांशी मात्र या लिहिण्याचा काही संबंध नाही. 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 45 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 57 फुटांच्या वर गेली आणि गणपती पेठेत पाणी शिरले, तेव्हा 'सकारात्मक राहा' म्हणणाऱ्यांपेक्षा वेळीच घाबरून माल वरच्या मजल्यावर चढवणारे शहाणे ठरले. त्याचप्रमाणे ज्याची झोप आणि भूक दुःखाने उडाली आहे, त्याच्या हाती वही देण्यापेक्षा त्याला डॉक्टरांकडे नेणे अधिक योग्य.

रोज लिहावे की नाही, यावर मतभेद आहेत. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा लिहिणाऱ्यांचे वाढले नाही. सवयीने लिहिले की त्यातला जीव जात असावा. मला ते पटते, म्हणून मी शनिवारी दुकान बंद झाल्यावरच लिहितो, आणि काही आठवले नाही तर त्या आठवड्याची जागा कोरी सोडून घरी जातो.