पोटाच्या प्लास्टिक सर्जरीनंतर सावरताना

दोन बाळंतपणांत एकमेकांपासून दूर सरकलेले पोटाचे उभे स्नायू जवळ आणून शिवणे आणि सैल पडलेली जादा कातडी काढून टाकणे, या शस्त्रक्रियेला डॉक्टर ॲब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. ती मी बेळगावात करून घेतली. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून मिळत नाही, हे आधीच माहीत असल्यामुळे पैशांची तजवीज आम्ही करून ठेवली होती. मी निपाणीत शिक्षिका असल्याने तारीखही उन्हाळी सुट्टी धरून घेतली. ओळखीच्या बायका भेटल्या की ऑपरेशनबद्दल खोदून विचारतात, नंतरच्या दिवसांबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते या सगळ्यात तेच दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात आणि त्यांची तयारी ऑपरेशनच्या आधी करावी लागते.

माझ्या बाबतीत ही तयारी मशेरीपासून सुरू झाली. रुग्णालयाच्या अर्जात धूम्रपानाविषयी प्रश्न होता आणि त्यावर मी खरेच ‘नाही’ लिहिले होते. पण मी निपाणीची आहे हे कळताच सर्जननी मशेरी लावता का, तंबाखू खाता का, असे स्पष्ट विचारले. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या शस्त्रक्रियेत पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत मोकळी करून खाली ओढून शिवतात, त्यामुळे तिच्या खालच्या कडेला रक्त लांबून पोहोचते. ते कमी पडले तर कड काळी पडून जखम उघडू शकते. शस्त्रक्रियेच्या आधी किमान 4 आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत मशेरी बंद, ही त्यांची अट होती. आमच्या भागात ही सवय असलेल्या कितीतरी बायका आहेत, आणि अर्जात विचारले नाही म्हणून ही गोष्ट कोणी डॉक्टरांना सांगायची ठेवू नये, असे मला कळकळीने वाटते.

ऑपरेशन झाले त्याच संध्याकाळी मला धरून उठवले आणि व्हरांड्यात चालवले. चालायचे ते कंबरेत वाकून, कारण ताठ उभे राहिले की टाक्यांवर ताण येतो. आणि चालायचे ते पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. पोटरी दुखून सुजली किंवा एकाएकी धाप लागली तर वेळ न घालवता कळवायचे, हे परिचारिकेने कन्नडमध्ये आणि मावशींनी मराठीत, असे दोघींनी समजावले. घरी येतानाही संकेश्वरला गाडी थांबवून मी थोडी चालले, आणि तवंदी घाट उतरताना पोटावर उशी घट्ट धरून बसले. खोकताना आणि शिंकतानाही तीच उशी उपयोगी पडली. नेमका घरोघरी वर्षाची चटणी करण्याचा हंगाम होता. आमच्या जाऊबाईंनी मिरच्या भाजण्याचे काम यंदा माहेरी नेऊन केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

टाक्यांच्या खाली साचणारे पाणी बाहेर यावे म्हणून दोन्ही बाजूंना ड्रेनच्या नळ्या होत्या आणि त्यांच्या टोकाला प्लास्टिकचे दाबता येणारे फुगे. ते काम माझ्या मुलीने अंगावर घेतले. हात धुऊन ती फुगा मापाच्या भांड्यात रिकामा करी, भांडे डोळ्यांच्या रेषेत धरून आकडा वाची, आणि फुगा दाबून हवा काढल्यावरच बूच लावी. मग वहीत डावा, उजवा, वेळ, मिलिलिटर आणि रंग असे रकाने भरी. लाल पाणी हळूहळू गुलाबी आणि मग पिवळसर झाले. साधारणपणे 24 तासांत 30 मिलिलिटरपेक्षा कमी पाणी येऊ लागले की नळी काढतात, आणि हा निर्णय डॉक्टरांनी त्या वहीवरूनच घेतला.

सासूबाईंनी मात्र शेगडी, ओवा आणि बाळंतशेपा काढून ठेवला होता. ‘शेकल्याबगर पोट आतनं भरत न्हाई बघ,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यामागची माया मला ठाऊक होती. परंतु कातडी मोकळी करताना तिच्यातल्या बारीक नसा तुटतात, त्यामुळे बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. तिथे शेगडीची धग किंवा गरम पाण्याची पिशवी लागली तर भाजलेले कळत नाही आणि फोड उठतो. हे डॉक्टरांनी त्यांना फोनवर समजावून सांगितल्यावर शेगडी परत माळ्यावर गेली. त्यांचे बाकीचे पथ्य, म्हणजे मऊ भात, मुगाची आमटी, अंडी आणि भरपूर ताक, हे जखमेलाही हवेच होते, आणि बद्धकोष्ठ टाळायलाही. वेदनाशामक गोळ्यांनी पोट जड होते, आणि कुंथले तर शिवलेल्या स्नायूंवर ताण येतो. आमच्याकडे उकिडवे बसायचे शौचालय असल्याने कमोडची खुर्ची आधीच आणली होती. ती नसती तर पहिले काही आठवडे निभले नसते.

पोटाला आधार देणारा घट्ट पट्टा साधारण 6 आठवडे बांधायचा होता. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो असह्य होई, म्हणून खाली पातळ सुती बनियन घालून मी ती वरचेवर बदलत असे. सूज मात्र चिवट असते. सकाळी सपाट वाटणारे पोट संध्याकाळी फुगलेले दिसे, आणि एवढे सोसून हेच का मिळाले, या विचाराने मी अनेकदा रडले. सूज उतरायला काही महिने लागतात हे यजमान शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिले. घरी आलेल्यांना हर्नियाचे ऑपरेशन म्हणून सांगावे, असे एका नातलगांनी सुचवले होते. ते मी मानले नाही. पाण्याची घागर मी का उचलत नाही, हे ज्यांना मदत करायची आहे त्यांना खरे कळले पाहिजे.

शाळा सुरू झाली तेव्हा मी ताठ चालत होते, पण वह्यांचे गठ्ठे शिपाईमामा उचलत. व्रण परिपक्व व्हायला 12 ते 18 महिने लागतात. तोवर मी त्यावर सिलिकॉनची पट्टी लावते. ओटीपोटावरची लांब रेघ आता फिकट होऊ लागली आहे. परकराची नाडी घासते तिथे, बेंबीभोवती, व्रण थोडा जाड आणि खाजरा झाला आहे. तो स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बसवता येतो असे डॉक्टर म्हणाले आहेत, आणि पुढच्या तपासणीत त्याविषयी ठरवायचे आहे.