तुम्ही विचारलंत म्हणून: सॉफ्टवेअरच्या बड्या कंपन्यांना गाडी का जमत नाही?

मी गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे गाडीचे भाग चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, चालणारे सॉफ्टवेअर लिहितो हे कळले की समोरचा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो. विजेवरची गाडी निम्मी यंत्र आणि निम्मी कॉम्प्युटर असेल, तर जगातल्या बड्या सॉफ्टवेअर कंपन्या या क्षेत्रात उतरल्या की तोंडघशी का पडतात? ज्यांनी अब्जावधी फोन आणि कॉम्प्युटर चालवून दाखवले त्यांना हेच काम जड का जावे? आणि त्यांना ते जमत नसेल, तर त्यांच्याच धर्तीवर बनू लागलेल्या या गाड्यांवर आम्ही भरवसा का ठेवावा? उभ्याउभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतो आहे. थोडक्यात सांगायचे तर सॉफ्टवेअर त्यांना उत्तम येते. पण वस्तू किती वर्षे टिकायला हवी याचा त्यांचा हिशेब फार आखूड असतो, आणि कमी उत्सर्जनाच्या गाडीचा सगळा फायदा त्या वर्षांवरच उभा असतो.

सॉफ्टवेअर गाडीत विजेबरोबर आले असे अनेकांना वाटते. वास्तविक ते कितीतरी आधी, धूर कमी करण्यासाठीच आले. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, नीट काम करायचा तर हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या अगदी जवळ राहावे लागते, आणि ते क्षणोक्षणी सांभाळणे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आला, आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे कंट्रोलर ठरवू लागला. कॅलिफोर्नियाने 1990 मध्ये कमी उत्सर्जनाच्या गाड्यांचे नियम केले आणि 1998 पर्यंत मोठ्या कंपन्यांच्या विक्रीत 2 टक्के गाड्या शून्य उत्सर्जनाच्या असाव्यात असे ठरवले, तेव्हा कंट्रोलरचे महत्त्व आणखी वाढले. ती 2 टक्क्यांची अट पुढे ढिली झाली, पण 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये टोयोटा प्रियस ही इंजिन आणि मोटर दोन्ही असलेली हायब्रिड गाडी आली, आणि इंजिन केव्हा बंद करायचे, मोटर केव्हा जोडायची, ब्रेक दाबल्यावर किती ऊर्जा बॅटरीत परत घ्यायची, हे सगळे सॉफ्टवेअरच्या हाती गेले.

विजेच्या गाडीत या कामाचा कळस म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा. पॅकमध्ये शेकडो, काही गाड्यांत हजारो सेल असतात आणि त्यांच्या प्रत्येक गटाचे व्होल्टेज काही मिलिव्होल्टच्या फरकापर्यंत सतत मोजले जाते, कारण एक गट जरी इतरांच्या आधी भरला तरी चार्जिंग थांबवावे लागते. लिथियम आयन सेल शून्य अंशाखाली जोरात चार्ज केला तर लिथियम सेलमधल्या ग्रॅफाइटच्या थराच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचते आणि क्षमता कायमची घटते. म्हणून कडाक्याच्या थंडीत गाडी मुद्दाम सावकाश चार्ज होते आणि मालक चार्जरला शिव्या घालतो. लोह फॉस्फेट प्रकारच्या सेलची आणखी वेगळी तऱ्हा आहे. त्यांचे व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास बदलतच नाही, त्यामुळे बॅटरी 40 टक्के भरली आहे की 60 टक्के हे नुसत्या व्होल्टेजवरून कळत नाही. आत गेलेला आणि बाहेर पडलेला प्रवाह मोजत बसावे लागते, त्यात हळूहळू चूक साठत जाते, आणि ती पुसण्यासाठी मधूनमधून पूर्ण चार्ज करा असे कंपनीला सांगावे लागते. हे सॉफ्टवेअर कोणाला दिसत नाही आणि त्याच्या जाहिराती होत नाहीत. माझ्या मते गाडीतले सर्वांत चांगले सॉफ्टवेअर तेच आहे.

बड्या कंपन्यांचा रस मात्र दिसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होता. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर फोर्डने 2007 मध्ये गाडीत आवाजाने फोन आणि गाणी चालवण्याची सिंक नावाची सोय आणली आणि 2010 मध्ये तिच्यापुढे जाऊन मायफोर्ड टच नावाचा बोटाने चालवायचा पडदा (टचस्क्रीन) दिला. तो गोठायचा, उशिरा दाद द्यायचा, मधेच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. जे. डी. पॉवर या संस्थेच्या नव्या गाड्यांच्या गुणवत्ता पाहणीत फोर्ड 2011 मध्ये पाचव्या क्रमांकावरून तेविसाव्या क्रमांकावर घसरली, त्यात या पडद्याचा मोठा वाटा होता. शेवटी 2014 च्या अखेरीस फोर्डने मायक्रोसॉफ्टला सोडून ब्लॅकबेरीच्या मालकीच्या क्यूएनएक्स प्रणालीची निवड जाहीर केली. क्यूएनएक्स ही जुनी आणि आटोपशीर प्रणाली, गाजावाजा नसलेली. एखादा भाग पडला तर बाकीचे चालू राहावेत, एवढे एकच व्रत तिने नेटाने पाळले आहे.

याहून बोलका प्रसंग मला वेगळाच वाटतो. 2010 च्या मार्चमध्ये फोर्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी जाहीर केले की फोर्डच्या येऊ घातलेल्या विजेवरच्या फोकस गाडीचे मालक मायक्रोसॉफ्टच्या होम नावाच्या ऊर्जा सेवेतून गाडी केव्हा चार्ज करावी हे ठरवू शकतील. कल्पना अचूक होती: रात्री वीज स्वस्त आणि पुष्कळदा स्वच्छ असेल तेव्हा गाडी भरावी. पण 2011 च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने ही सेवा गुंडाळण्याचा निर्णय जाहीर केला आणि 2012 च्या मे अखेरीस ती बंद झाली, म्हणजे ती गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली होती नेमकी तेव्हाच. गूगलची पॉवरमीटर ही घरातला विजेचा वापर दाखवणारी तशीच सेवा त्याआधी, 2011 च्या सप्टेंबरात थांबली होती. दोन्ही कंपन्यांच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. वापरणारे पुरेसे जमले नाहीत की सेवा बंद करायची, ही त्यांच्या धंद्याची रीतच आहे. वेब सेवेच्या बाबतीत ती खपून जाते, पण पंधरा वर्षे वापरायच्या वस्तूला ती झेपत नाही.

ॲपलने 2014 च्या सुमारास गाडीचा प्रकल्प सुरू केला आणि 2024 च्या फेब्रुवारीत तो सोडून दिला. लोक त्याला हसतात. मी हसत नाही. जे धड झाले नाही ते बाजारात न आणण्याचा शहाणपणा या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

बेटर प्लेस या कंपनीबद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे, कारण तिचा संस्थापक शाई आगासी हा सॅप या बलाढ्य सॉफ्टवेअर कंपनीतला वरिष्ठ अधिकारी होता आणि त्याची चूक खास सॉफ्टवेअरवाल्याची चूक होती. बॅटरी चार्ज करत बसण्यापेक्षा स्थानकावर ती काही मिनिटांत बदलून घ्यावी, मालकी कंपनीची ठेवावी आणि ग्राहकाने किलोमीटरप्रमाणे पैसे द्यावेत, अशी ती योजना होती. 2007 मध्ये कंपनी निघाली, सुमारे 85 कोटी डॉलरचे भांडवल उभे राहिले, इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये स्थानके बांधली गेली आणि यंत्रमानव गाडीखालून बॅटरी काढून दुसरी बसवू लागले. तंत्र चालले. पण एकदा आपला मंच (प्लॅटफॉर्म) तयार झाला की इतर उत्पादक आपोआप त्यावर येतील, हे सॉफ्टवेअरच्या जगातले गृहीतक इथे लागू पडले नाही. बॅटरी पॅक हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. त्याचा आकार, वजन, थंड करण्याची व्यवस्था आणि अपघातातली ताकद यांवर सारी रचना बेतलेली असते. दुसऱ्याच्या स्थानकासाठी आपला सांगाडा बदलायला कोणता उत्पादक राजी होणार? एकटी रेनॉ तयार झाली, तीही फ्लुएन्स या एका गाडीपुरती. 2013 च्या मे महिन्यात बेटर प्लेसने दिवाळखोरी जाहीर केली. तीच कल्पना चीनमध्ये निओ कंपनी आज राबवते आहे, आणि तिची सुरुवात तिने स्वतःच्याच गाड्यांपासून केली.

गाडी बनवणारे धुतल्या तांदळासारखे आहेत असे म्हणायचे कारण नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत सॉफ्टवेअर बिघडले नव्हते, ते सांगितल्याबरहुकूम चालत होते. चाके फिरत आहेत पण स्टीअरिंग हलत नाही, वेग चाचणीच्या ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढतो-उतरतो आहे, अशा खुणांवरून गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ते ओळखायचे आणि तेवढ्यापुरती प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालवायचे. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जायचे. 2015 च्या सप्टेंबरात हे उघडकीस आले तेव्हा जगभरच्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होते. पुढे याच कंपनीने विजेच्या गाड्यांसाठी कॅरिअड ही स्वतःची सॉफ्टवेअर शाखा उभारली, तिच्या दिरंगाईमुळे याच समूहातल्या पोर्शची विजेवरची मकान आणि ऑडीची नवी गाडी रखडली, प्रमुख हर्बर्ट डीस यांना 2022 मध्ये जावे लागले, आणि 2024 मध्ये फोक्सवॅगनने अमेरिकेतल्या रिव्हियन या विजेच्या गाड्यांच्या कंपनीबरोबर भागीदारी करून तिचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले. म्हणजे लोखंडाचा कारखाना आहे म्हणून सॉफ्टवेअर येते असेही नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विजेवरची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या नावावर पेट्रोल गाडीपेक्षा जास्त कार्बन लागलेला असतो, मुख्यतः बॅटरीमुळे. सेल तयार करायला ऊर्जा लागते, खाणीतून धातू काढायला आणि शुद्ध करायला लागते. हे कर्ज गाडी चालवून फिटते. वीज जितकी स्वच्छ तितके लवकर, कोळशाची असेल तर बऱ्याच उशिरा. कर्ज फिटल्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर हा निव्वळ फायदा असतो. म्हणून या गाडीचे पहिले दोन मालक आणि चौथा मालक यांत पर्यावरणाच्या दृष्टीने चौथा अधिक मोलाचा आहे. बॅटरी आणि मोटर तिथपर्यंत पोचतात, हे आता बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. अडते ते दुसरीकडे.

कुठे, ते एका चिपवरून दाखवतो. टेस्लाच्या 2018 च्या सुरुवातीपर्यंतच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत मधल्या पडद्यामागे 8 जीबीची फ्लॅश मेमरी होती. अशा मेमरीचा प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच पुसून लिहिता येतो. या चिपच्या बाबतीत साधारण 3000 वेळा. गाडीतली प्रणाली आपल्या कारभाराच्या नोंदी त्यात अखंड लिहीत राहिली, आणि अमेरिकेच्या वाहन सुरक्षा विभागाच्या मते रोजच्या वापरात पाच-सहा वर्षांत ती मेमरी संपू लागली. पडदा काळा पडला की मागच्या कॅमेऱ्याचे चित्र गेले, काचेवरचे बाष्प घालवण्याचे नियंत्रण गेले. 2021 च्या फेब्रुवारीत सुमारे 1 लाख 35 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. असे भाग गाडीच्या पूर्ण आयुष्यभर टिकावेत ही अपेक्षा आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असे कंपनीने त्या वेळी लेखी मांडले होते. फोनच्या धंद्यात या विधानावर कोणी भुवई उंचावणार नाही. इथे मात्र त्या एका चिपमागे अर्धा टन वजनाची, बहुतांश शाबूत असलेली बॅटरी उभी होती.

निसानच्या विजेवरच्या जुन्या लीफ गाडीचेही काहीसे असेच झाले. अमेरिकेत 2जी मोबाइल जाळे बंद झाले आणि सुरुवातीच्या लीफ गाड्यांतला फोनद्वारे चार्जिंग पाहण्याचा मार्ग, गाडीला जाळ्याशी जोडणारा मॉडेम न बदलणाऱ्यांसाठी, बंद पडला. पण ती गाडी धावत राहिली, प्लग लावला की चार्ज होत राहिली. कारण त्या काळी बॅटरीचा कंट्रोलर आणि इंटरनेटचा भाग हे वेगवेगळे संसार होते. आता दोन्ही एकाच मोठ्या कॉम्प्युटरमध्ये आणण्याची चढाओढ लागली आहे. तारा कमी होतात, वजन कमी होते, खर्च कमी होतो, हे सारे खरे. पण पडद्याचे दुखणे पुढे चाकांपर्यंत पोचण्याची वाटही त्यानेच मोकळी होते.

नियम करणाऱ्यांनी बॅटरीचा विचार केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत 2022 मध्ये ठरलेल्या बाविसाव्या जागतिक तांत्रिक नियमानुसार बॅटरीत 5 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरपर्यंत 80 टक्के आणि 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत 70 टक्के ऊर्जा उरायला हवी. त्याच चौकटीतला 156 क्रमांकाचा नियम सॉफ्टवेअर अपडेट कशा पद्धतीने द्यावी, कशाची नोंद ठेवावी हे सांगतो. किती वर्षे द्यावी हे मात्र तो सांगत नाही.

त्यामुळे घ्यावी की न घ्यावी असे मला विचारणाऱ्यांना मी घ्या असेच सांगतो, पण विक्रेत्याला काही गोष्टी विचारून. नेटवर्क नसताना गाडी उघडते, चालते आणि चार्ज होते का? मधला पडदा बंद पडला तर वायपर, दिवे आणि काचेवरची हवा कशी चालते? बॅटरीत किती जीव उरला आहे, हे कंपनीच्या ॲपशिवाय पाहता येते का? आणि अपडेट कोणत्या वर्षापर्यंत देणार, हे लेखी देणार का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी बॅटरीच्या वॉरंटीचा कागद पुढे केला जातो. तो घ्यावा, वाचावा, आणि वर्ष लेखी मिळत नसेल तर ॲपवर चालणाऱ्या सगळ्या सोयींची किंमत शून्य धरून गाडीचे मोल करावे. तरीही ती परवडत असेल, तर खुशाल घ्यावी.