पाठ वाचली, खांदा गेला

सकाळचे साडेसात. मंगळवार पेठेतल्या माझ्या दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तोवर मोटारसायकलवरून तिघे आले. मधल्या पोराच्या अंगावर तालमीची लाल माती तशीच. उजवा कोपर डाव्या हातात तान्ह्या बाळासारखा धरलेला. खांद्याची गोलाई जाऊन वर हाडाचा कोन उभा. सांधा निखळलाय हे पायरीवरूनच दिसत होतं.

"समोरच्यानं ढाक मारली. पाठ लागू नये म्हणून ह्यानं हात टेकला," वस्ताद म्हणाले. "तितंच बसवणार हुतो मी. बगलंत टाच द्याची आन् हात वढायचा. लई बसवल्यात. पर ह्यो लईच वरडाय लागला."

टाच देऊन ओढायची ही रीत हिप्पोक्रेट्सच्या काळापासूनची. खांदा बसतो तिनं, तीच तर पंचाईत आहे.

पोर अठराचं, पन्हाळ्याकडचं. मनगटाची नाडी बघितली, मग दंडाच्या वर, बाहेरच्या अंगानं बोट फिरवलं. "कळतंय का रे?"

"काय?" तो म्हणाला.

तळहाताएवढा भाग बधिर होता. बगलेतून दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी अ‍ॅक्सिलरी नस ताणली गेली होती. पूर्वी एकदा हे न तपासताच मी एका माणसाचा खांदा बसवला. दुसऱ्या दिवशी त्याचा दंड बधिर निघाला. नस आधीच दुखावली होती की माझ्या ओढण्यानं, हे मला सांगता येईना. त्याच्या बायकोनं विचारलं तेव्हा मी खाली बघत होतो. आता बोट फिरवल्याशिवाय आणि कागदावर लिहिल्याशिवाय मी हात लावत नाही.

एक्स-रेत हाड मोडलेलं नव्हतं. दंडाच्या हाडाचा गोळा पुढं आणि खाली सरकलेला. शंभरातले पंच्याण्णव खांदे पुढंच निखळतात. वस्तादांना चहा आला होता. मी बशी उचलून दाखवली. पुस्तकं खुबा आणि खांदा दोन्हींना उखळीचा सांधा म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. उखळ खुब्याला. खांद्याला ही बशी, आणि गोळा तिच्या तिप्पट-चौपट. गुडघा, कोपर बिजागरीसारखे मिटतात-उघडतात; हात मात्र चहूकडं फिरतो, तो या उथळ बशीमुळंच.

"मग धरून कोण ठेवतंय त्याला?"

बशीची कूर्चेची कड, सांध्याची पिशवी आणि भोवतीचे चार लहान स्नायू. जोर मारून छाती-दंड सगळे कमावतात, या चौघांची कुणी विचारपूस करत नाही.

सांध्यात भूल दिली. कोपर अंगाशी, काटकोनात, आणि हात अगदी सावकाश बाहेर वळवत नेला. स्नायू आवळले की थांबायचं, तो श्वास सोडेपर्यंत. पैलवानाचे स्नायू, दहा-बारा मिनिटं गेली. मग हाताखाली खट्कन सरकलेलं जाणवलं आणि पोराचा चेहराच बदलला. पुन्हा बोट फिरवलं. बधिरपणा तसाच.

"म्हैन्याभरात मैदान हाय," पोर म्हणालं.

नाही म्हणून सांगितलं. या वयात पहिल्यांदा निखळला की बशीची कड बहुतेकदा फाटलेली असते आणि खांदा पुन्हापुन्हा उतरतो, मग ऑपरेशन. आधी तीन आठवडे हात झोळीत, पुढं रबरी पट्ट्यांचे व्यायाम, कुस्ती काही महिन्यांनी. वस्ताद काही न बोलता पैसे देऊन गेले. पटलं नव्हतंच.

पाचव्या आठवड्यात पोर दंडाला मुंग्या येतात अशी तक्रार घेऊन आलं. मला एवढी गोड तक्रार फार दिवसांत ऐकायला मिळाली नव्हती. नस जागी होत होती.

परवा रात्री वस्तादांचा फोन. दुसरं पोरगं.

"डॉक्टर, उतरलाय. दंडावर बोट फिरवून बघितलंय, कळतंय म्हणतोय. वढलेला न्हाई. निघालोय घिऊन."